उदकदोषविचार : पाणी बिघडण्याचे प्रकार व त्यांचीं मुळें

‘प्रदूषण’ हा शब्द वर्तमानपत्रांतून व कायद्यांतून सतत कानीं पडत असल्यामुळें तो अलीकडेच नवा पाडलेला असावा, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील पंचेचाळिसाव्या अध्यायांत द्रवद्रव्यांचा विचार चालला असतां बिघडलेल्या पाण्यास ‘प्रदूषित’ हेंच विशेषण लाविलेलें आहे. शब्द जुना आहे, तसा विषयहि जुना आहे. पाणी कशानें बिघडतें, बिघडलेलें पाणी कसें ओळखावें आणि बिघडविणाऱ्यास कोणतें शासन करावें, या तिन्ही प्रश्नांचा विचार आपल्या ग्रंथांत झालेला आहे. त्या विचाराचा मेळ महाराष्ट्रांतील जुन्या पाणीव्यवस्थेशीं व आजच्या नद्यांच्या स्थितीशीं घालून पाहावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय. हें करीत असतां एका शब्दाच्या अर्थासंबंधानें आमची स्वतःची जी चूक आम्हांस आढळून आली, तीहि येथें नमूद करणें आम्हांस प्राप्त आहे.

(१) षड्दोष

सुश्रुतानें व्यापन्न, म्हणजे बिघडलेल्या, पाण्याचे दोष सहा मोजले आहेत : स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य आणि विपाक. पाणी हातास खरखरीत किंवा बुळबुळीत लागणें, तें उष्ण असणें, पितांना दांत शिवशिवणें, हा स्पर्शदोष. चिखल, वाळू, शेवाळ व नाना रंग दिसणें हा रूपदोष. शुद्ध पाण्यास व्यक्त अशी चव नसते. ती लागूं लागली म्हणजे रसदोष. नकोसा वास आला म्हणजे गंधदोष. पाणी प्याल्यावर तहान न भागतां वाढली, अंग जड झालें, पोटांत शूळ उठला, तोंडास लाळ सुटली, तर तो वीर्यदोष. आणि तें पचण्यास वेळ लागला किंवा पोट धरून राहिलें, तर तो विपाकदोष.

या गणनेंत एक क्रम आहे, तो लक्षांत घेण्यासारखा आहे. पहिले चार दोष पाणी पिण्यापूर्वीं हातास, डोळ्यांस, जिभेस व नाकास कळतात. उरलेले दोन पाणी पोटांत गेल्याखेरीज कळत नाहींत. म्हणजे पाणी दिसण्यांत निर्मळ असूनहि दुष्ट असूं शकतें, हें ग्रंथकारानें गृहीत धरिलें होतें. पुढें आपणांस या दोन दोषांकडे पुन्हां यावयाचें आहे.

दोषांबरोबर उपायहि सांगितले आहेत. पाणी उकळावें, उन्हांत तापवावें, किंवा तापविलेला लोखंडाचा गोळा, वाळू अगर मातीचें ढेंकूळ त्यांत विझवावें. गढूळ पाणी निवळण्यासाठीं सात वस्तु दिल्या आहेत; त्यांत कतक, म्हणजे आपल्याकडची निवळी, आहे व साधें वस्त्रहि आहे.

(२) दोषांचीं मुळें

त्याच अध्यायांत पाणी कशानें बिघडतें हेंहि आलें आहे. किडे, मूत्र, मळ, जंतूंचीं अंडीं, प्रेतें, कुजलेले पदार्थ, गवत, पानांचा केर आणि विष हीं तीं कारणें होत. असल्या पाण्यांत जो उतरेल, किंवा पावसाळ्यांतील नवें पाणी जो पिईल, त्यास शरीराच्या बाहेरचे व आंतले असे दोन्ही प्रकारचे रोग होतात, असा इशारा दिलेला आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानांतील तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे प्रांतेंच्या प्रांतें ओस पाडणाऱ्या साथींचा, आहे. पांचालांची राजधानी कांपिल्य येथें गंगेच्या कांठीं पुनर्वसु आत्रेय आपला शिष्य अग्निवेश यास सांगतात कीं, वायु, उदक, देश व काल हीं चार सर्वांस समान असल्यामुळें तीं बिघडलीं म्हणजे निरनिराळ्या प्रकृतीचीं माणसें एकाच वेळीं आजारी पडतात. बिघडलेल्या उदकाचीं लक्षणें देतांना वास, रंग, चव व स्पर्श यांच्या जोडीस आत्रेयांनीं आणखी एक खूण सांगितली आहे : जलचर पक्षी तें स्थान सोडून जातात व पाण्यांत राहणारे जीव क्षीण होतात. आजचे शास्त्रज्ञ नदींतील मासे व किडे मोजून तिची परीक्षा करितात, तिचें बीज येथें आहे.

शत्रूनें पाण्यांत मुद्दाम विष घातलें असतां काय दिसतें, हें सुश्रुताच्या कल्पस्थानांत आहे. पाणी बुळबुळीत व उग्र वासाचें होतें, त्यावर फेस येतो, बेडूक व मासे मरतात. उपाय म्हणून कांहीं ठराविक वृक्ष जाळून त्यांची राख त्या पाण्यांत टाकावयाची आहे.

शासनाची बाजू कौटिलीय अर्थशास्त्रांत सांपडते. हा ग्रंथ शतकानुशतकें नांवानेंच ठाऊक होता. म्हैसूरच्या ग्रंथालयांत आलेल्या हस्तलिखितावरून शामशास्त्री यांनीं तो १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केला. त्यांतील नागरिकाच्या प्रकरणांत पुण्यस्थानें, पाण्याचीं स्थानें, देवालयें व राजाच्या जागा येथें मलोत्सर्ग करणाऱ्यास एका पणापासून चढता दंड आहे. मूत्रासाठीं त्याच्या निम्मा. औषधामुळें, आजारामुळें किंवा भीतीमुळें तसें घडलें तर दंड नाहीं. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांतहि मल, मूत्र, थुंकी, रक्त, विष किंवा अशा पदार्थांनीं माखलेली वस्तु पाण्यांत टाकूं नये, असा निषेध आहे. निषेध स्मृतीनें केला व दंड अर्थशास्त्रानें बसविला. या दोहोंचें काम एकमेकांवांचून होण्यासारखें नव्हतें, हें उघड आहे. नुसत्या निषेधानें भागतें, तर दंडाचें कोष्टक कोणी लिहिलें नसतें.

(३) आज्ञापत्र व कात्रजचा नळ

आतां महाराष्ट्राकडे वळूं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दुर्गांचें प्रकरण आहे, तें आमच्या वाचकांस सुपरिचित आहे. गडावरील एका झऱ्यावर विसंबूं नये, तोफांच्या आवाजानें झरे आटतात, म्हणून सांठ्याचीं जादा टांकीं ठेवावींत व तीं खर्चूं नयेत, हा भाग बहुतेकांच्या स्मरणांत असतो. त्याच प्रकरणांतील केराविषयींची आज्ञा मात्र फारशी उल्लेखिली जात नाहीं. गडावरचा केर गडाखालीं लोटूं नये. तो जागच्या जागीं जाळावा आणि त्याची राख परसांत घालून घरोघरीं भाजीपाला करावा, असें तींत आहे. या आज्ञेचें मर्म असें कीं, वरच्यानें आपली घाण खालच्याच्या अंगावर टाकूं नये. हें वाक्य आमचें आहे. परंतु आज्ञेचा परिणाम तोच होय.

शहराच्या पाण्याचें उदाहरण म्हणून कात्रजचा नळ घ्यावा. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या घाटाखालीं तलाव बांधून तेथून सुमारें पांच मैलांवरील शनिवारवाड्यापर्यंत व शहरांतील हौदांपर्यंत दगडी बांधणीचा बंद नळ आणण्यांत आला. पाणी केवळ उतारानें वाहत येई. नळावर ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधलेले असून त्यांतून माणसास आंत उतरून गाळ काढतां येई. सुश्रुतानें दिलेलीं कारणें डोळ्यांसमोर ठेवून या रचनेकडे पाहिलें म्हणजे तिचें महत्त्व कळतें. नळ बंद असल्यामुळें पान-पाचोळा, जनावर, मलमूत्र यांस वाटेंत आंत शिरण्यास जागा नव्हती. हौदावर पाणी भरणाऱ्यास पाणी कोठून येतें हें ठाऊक होतें, आणि तें बिघडलें तर त्याचाच घसा कोरडा पडणार होता.

(४) स्पर्शदोष

येथवरचें वर्णन वाचून पूर्वीं सर्व ठीक होतें, असें कोणास वाटेल. आम्हांसहि पुष्कळ वर्षें तसेंच वाटत होतें. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां ‘स्पर्शदोष’ हा शब्द आला म्हणजे आम्ही त्याचा अर्थ रूढीप्रमाणें, म्हणजे अमक्या माणसानें शिवल्यानें होणारा विटाळ, असाच सांगत असूं. एके दिवशीं एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, माणसानें शिवल्यानें पाण्यांत काय मिसळतें?” आम्हीं त्यास गप्प बसविलें. सेवानिवृत्तीनंतर सुश्रुताचा मूळ पाठ सावकाश वाचला, तेव्हां आमचें उत्तर चुकीचें होतें हें कळलें. या यादींतील स्पर्शदोष पाण्याच्या स्वतःच्या स्पर्शाचा आहे. पाणी हातास कसें लागतें, हा तेथें प्रश्न आहे. हात कोणाचा आहे, हा नाहीं. सहांपैकीं एकहि दोष पाणी भरणाऱ्या माणसाच्या जातीवरून ठरलेला नाहीं.

धर्मशास्त्राची गोष्ट निराळी. चांडालाच्या विहिरीचें पाणी प्याल्यास प्रायश्चित्त सांगणारीं वचनें स्मृतींत आहेत, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. म्हणजे आपल्या परंपरेंत पाण्याच्या अशुद्धीच्या दोन कल्पना शेजारीं शेजारीं होत्या. वैद्यकाची कल्पना पदार्थावर आधारलेली होती, दुसरी जन्मावर. समाजानें पहारा बसविला तो दुसरीसाठीं, आणि पहिलीचे ग्रंथ पोथीच्या बासनांत राहिले.

पेशव्यांच्या पुण्याच्या हौदांविषयीं लिहितांना ही बाजू सोडून चालणार नाहीं. शहरांतील मैला डोईवरून वाहून नेणारे हात ज्यांचे होते, त्यांस सवर्णांच्या हौदाचें पाणी घेण्याची मोकळीक नव्हती. पाणी स्वच्छ राखण्याचें सर्वांत अवघड काम ज्यांनीं केलें, त्यांच्याच स्पर्शानें तें बिघडतें असें मानलें गेलें. जोतीराव फुले यांनीं १८६८ मध्यें आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला, तो याच शहरांत. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळांत १९२३ सालीं बोले यांनीं आणला व तो संमत झाला. तरीहि २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां कांहीं लोकांनीं १०८ घागरी पंचगव्य ओतून तळ्याची ‘शुद्धि’ केली. वाद न्यायालयांत जाऊन १९३७ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयांत डॉ. आंबेडकरांच्या बाजूनें निकाल लागला. आयुर्वेदांत गोमूत्रास स्थान आहे हें आम्ही जाणतों. परंतु ओंजळभर पाणी पिणाऱ्या तहानेल्या माणसानें तळें बिघडलें आणि शेण-मूत्र ओतल्यानें तें सुधारलें, या म्हणण्यास सुश्रुताच्या यादींत कोठेंहि आधार सांपडत नाहीं.

(५) न दिसणारे दोष

वीर्य व विपाक या दोन दोषांकडे आतां परत येऊं. पाणी डोळ्यांस स्वच्छ दिसतें, वास-चव ठीक असते, आणि तरी रोग होतो, तो कां, याचा उलगडा एकोणिसाव्या शतकांत होऊं लागला. लंडनमध्यें १८५४ च्या पटकीच्या साथींत जॉन स्नो यांनीं ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोंवतीं मृत्यु कसे दाटले आहेत तें दाखवून दिलें. पटकीचा जंतु जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांस १८८४ मध्यें कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यांत आढळला. रोग्याच्या मळांतून जंतु पाण्यांत व पाण्यांतून दुसऱ्याच्या पोटांत, असा त्याचा प्रवास आहे.

आपल्याकडील नारूचें उदाहरण याहून बोलकें आहे. नारूचा रोगी पायऱ्यांच्या विहिरींत उतरला कीं त्याच्या पायावरील फोडांतून बाहेर आलेल्या कृमीचीं पिलें पाण्यांत पडतात, एका अतिसूक्ष्म जलकीटकाच्या पोटांत वाढतात, आणि तें पाणी पिणाऱ्याच्या अंगांत शिरून सुमारें वर्षभरानें पुन्हां बाहेर येतात. महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांत हा रोग पिढ्यान् पिढ्या होता. पाणी वस्त्रानें गाळून पिणें, आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या विहिरी किंवा हातपंप वापरणें, या मुख्य उपायांनीं तो हटला. देशांतील शेवटचा रोगी १९९६ मध्यें नोंदला गेला व २००० सालीं भारत नारूमुक्त जाहीर झाला. सुश्रुताच्या सात वस्तूंतील वस्त्र अशा रीतीनें दीड-दोन हजार वर्षांनीं पुन्हां उपयोगी पडलें. मात्र बारवांचे शिलालेख वाचणाऱ्या आम्हां मंडळींनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, जी पायऱ्यांची रचना आपण कौतुकानें पाहतों, तीच या रोगाची वाट होती.

तिसरा न दिसणारा दोष खडकांतून येतो. यवतमाळ, चंद्रपूर इत्यादि जिल्ह्यांत कांहीं ठिकाणीं खोल विंधणविहिरींच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक असतें. लिटरास दीड मिलिग्रॅमहून तें अधिक झालें व असें पाणी वर्षानुवर्षें पिण्यांत आलें, म्हणजे दांतांवर डाग पडतात व हाडें वांकतात. येथें मनुष्यानें पाण्यांत कांहीं टाकलेलें नसतें. तो केवळ अधिक खोल गेलेला असतो.

(६) आजची मुठा

खडकवासल्याचें धरण १८७९ च्या सुमारास पुरें झालें आणि पुण्यास मुबलक पाणी मिळूं लागलें. जितकें पाणी शहरांत येतें, तितकेंच, थोडें कमी, मैलें होऊन शहराबाहेर पडतें, हा साधा हिशेब आहे. पुढें भुयारी गटारें झालीं, मैला पाण्याबरोबर वाहूं लागला, आणि डोईवरून मैला नेण्याच्या अमानुष प्रथेवर १९९३ व २०१३ च्या कायद्यांनीं बंदी आली. ही गोष्ट सर्वथा इष्ट झाली. परंतु वाहून गेलेल्या मैल्याचें पुढें काय करावयाचें, याची तजवीज शहराच्या वाढीच्या मागेंच राहिली. कात्रजच्या नळावर वस्ती उभी राहिली आणि कांहीं ठिकाणीं सांडपाणी त्या नळांतच शिरलें.

आजच्या नदीस बिघडविणाऱ्या घाणीचे, ती येण्याच्या रीतीवरून, दोन वर्ग करितां येतात. एका तोंडानें येणारी घाण ही पहिली : गटारांचीं व नाल्यांचीं मुखें, कारखान्यांचे सांडपाण्याचे नळ. पसरून येणारी घाण ही दुसरी : शेतांतील खतें व कीटकनाशकें, रस्त्यांवरील तेल, उघड्या टेकड्यांवरील माती, जी पहिल्या पावसाबरोबर सर्व बाजूंनीं उतरते. सुश्रुतानें पावसाळ्याच्या नव्या पाण्यास दोष दिला, तो या दुसऱ्या वर्गाचाच होय. पहिल्या वर्गाच्या तोंडाशीं बूच मारितां येतें. दुसऱ्यास तोंडच नसतें, म्हणून ती आवरणें कठीण.

मैल्यांतील कुजणारा पदार्थ पाण्यांत विरघळलेला प्राणवायु खाऊन टाकतो, आणि मग मासे गुदमरून मरतात. स्नानयोग्य पाण्यांत दर लिटरास निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायु असावा, आणि कुजणाऱ्या पदार्थास लागणारा प्राणवायु ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावा, असें सरकारी मान आहे. आत्रेयांनीं सांगितलेलें जलजीव क्षीण होण्याचें लक्षण या मापांतून अंकांत उतरलें आहे. मैल्यांतील व खतांतील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी माजते. कारखान्यांच्या पाण्यांतील जड धातु मात्र कुजत नाहींत व निवळीनेंहि जात नाहींत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ मध्यें देशांतील नद्यांचे ३५१ प्रदूषित टापू नोंदले. त्यांपैकीं ५३ महाराष्ट्रांत होते, ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. आणि त्या यादींत मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी व भीमा हीं नांवें होतीं.

मुळा-मुठेचें पाणी रांजणगांव सांडस येथें भीमेस मिळतें, भीमा उजनीच्या जलाशयांत जाते, उजनीचें पाणी सोलापूर पितें, आणि उजनीच्या खालीं पंढरपुरास आषाढीचे वारकरी त्याच भीमेंत, चंद्रभागा म्हणून, स्नान करितात. पुण्यास आपलें पिण्याचें पाणी नदीच्या वरच्या अंगास मिळतें व घाण खालच्या अंगास जाते. हौदावरच्या माणसास घाणीचें फळ स्वतः भोगावें लागे. येथें तें शेंकडों मैल चालून आलेला दुसराच कोणी भोगतो. गडाखालीं केर लोटूं नये ही अमात्यांची आज्ञा आपण गडाच्या बाबतींत वाखाणतों व शहराच्या बाबतींत विसरतों.

(७) उपसंहार

महाराष्ट्रानें पाण्याच्या प्रदूषणास आळा घालणारा कायदा १९६९ मध्यें केला, आणि देशाचा कायदा १९७४ मध्यें झाला. म्हणजे दंडाचें कोष्टक पुन्हां तयार आहे. दोषांचें ज्ञान पूर्वींहि होतें, आज तर त्याहून पुष्कळ अधिक आहे. जुन्या काळीं पहारा चुकीच्या जागीं बसला. तो पाण्यांत पडणाऱ्या पदार्थावर न बसतां पाणी घेणाऱ्या माणसावर बसला. आज तो पहारा उठला, हें चांगलें झालें. परंतु उठलेला पहारा योग्य जागीं, म्हणजे गटाराच्या व नळाच्या मुखाशीं, अजून पुरता बसलेला नाहीं.

शेवटीं आमच्या वाचकांस, विशेषतः कागदपत्रांच्या संग्राहकांस, एक विनंति. सनदा, वंशावळी व लढायांचे कागद आपण जिवापाड जपतों. हौदाच्या दुरुस्तीचा खर्च, विहिरीच्या पाण्याचे हक्क, पाणी कोणीं भरावें व कोणीं भरूं नये याविषयींचे तंटे, गाळ काढणाऱ्यांची मजुरी, असले चिटोरे मात्र किरकोळ म्हणून बाजूस पडतात. पाण्याचा इतिहास त्यांतच आहे. ज्यांच्या दफ्तरांत असे कागद असतील त्यांनीं ते प्रसिद्ध करावेत. त्यांत आपल्या घराण्यास कमीपणा आणणारा मजकूर असला तरी तो गाळूं नये, एवढेंच मागणें आहे. आम्हीं त्या विद्यार्थ्याचा प्रश्न गाळला होता. त्याचें उत्तर देण्यास आम्हांस तीस वर्षें लागलीं.